लिस्टवाले लांजेवार

गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला आमच्या दाराची बेल लागोपाठ दोनदा वाजायची आणि माझा मुलगा आतल्या खोलीतूनच सांगायचा, "मम्मी, लिस्टवाले काका आए हैं." मी हात पुसत बाहेर येईपर्यंत लांजेवार काका घरात आलेले असायचे. खुर्चीवर त्यांची कापडी पिशवी ठेवलेली असायची आणि ते स्वतः खिडकीपासून फ्रीजपर्यंत आणि फ्रीजपासून खिडकीपर्यंत चालत असायचे. इतक्या वर्षांत ते त्या खुर्चीवर टेकल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा उभ्यानेच, बशीत ओतून, दोन घोटांत.

"लिही," ते म्हणायचे. "रविवार. सकाळी साडेसहा. आपला मागचा तलाव."

"काका, मोबाईल तर उघडू द्या."

"उघड ना मग. तवरक मी पुढचं पाहतो."

पुढचं म्हणजे पिशवीतल्या जुन्या लग्नपत्रिका. पत्रिकेची कोरी बाजू ही काकांची वही. आठवडाभर शहरात जिथे जिथे माणसं लागणार असल्याचं कानावर येई, तिथलं ते पत्रिकेवर टिपून ठेवत. रक्तदान शिबिर कुठे आहे, बीरगांवला डोळे तपासणी कधी, कोणत्या वसतिगृहातल्या मुलींना गणित शिकवायला कोणी पाहिजे, कोणत्या वाचनालयाची पुस्तकं झटकायची आहेत. मी ते मोबाईलवर उतरवून घ्यायची, आधी मराठीत, मग हिंदीत. मराठी आमच्या पिढीसाठी, हिंदी माझ्या मुलाच्या पिढीसाठी. ही मुलं मराठी सगळी समजतात, उत्तर मात्र हिंदीतच देतात. वर शीर्षक ठरलेलं असायचं, 'येत्या आठवड्यात'. सगळं झालं की मी मोठ्याने वाचून दाखवायची, काका मान हलवायचे, आणि यादी आमच्या चौबे कॉलोनीच्या ग्रुपवर आणि तिथून पुढे कुठे कुठे जायची. मोबाईलवरची बारीक अक्षरं काकांना वाचता येत नसत. चष्मा होता, पण तो लावून थांबायला त्यांना वेळ नव्हता.

काका वीज खात्यात मीटर रीडर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडील रेल्वेत होते म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. तीस वर्षं घरोघर फिरून मीटर वाचले, त्यामुळे त्यांच्या डोक्यात शहराचा नकाशा वेगळाच होता. एखाद्याचं नाव घेतलं की ते क्षणभर डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "जिन्याखाली मीटर, डाव्या हाताला कुत्रा. हव, समजलं." कोणाच्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे, कोणाची सून दिवसभर रिकामी बसून कंटाळते, कोणाचा पोट्टा चांगलं चित्र काढतो, हे सगळं त्यांना मीटरच्या निमित्ताने कळलेलं. निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, फिरणं सुटलं नाही.

'मदत' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. ते 'ड्युटी' म्हणायचे. रस्त्यात भेटले की नमस्काराच्या आधी, "शनिवारी तुमची ड्युटी लागली बरं का." समोरचा म्हणायचा, "काका, मला कोणी विचारलं नाही." त्यावर काका म्हणायचे, "आता विचारून राहिलो ना. माणूस नाही म्हणतच नाही जी, त्याले कोणी विचारतच नाही." आणि समोरच्याला नाही म्हणायला सवड मिळण्याआधी ते पुढच्या फाटकाशी पोचलेले असायचे.

माझी ड्युटी कशी लागली तेही असंच. मी शाळेत मराठी आणि हिंदी शिकवते हे त्यांना समजलं, आणि पुढच्या गुरुवारी बेल दोनदा वाजली.

मंगलावहिनींची गोष्ट सांगायलाच हवी.

मार्चमधली सकाळ होती. माझी शाळा दुपारची, म्हणून मी घरी होते. आठच्या सुमाराला काका आले. गुरुवार नव्हता. पिशवीही नव्हती. "स्मिता, तुझी स्कूटर आहे ना? चाल," ते म्हणाले.

अभनपूरची पुष्पा साहू नावाची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिला दिसत नव्हतं. अशा मुलांनी परीक्षेत उत्तरं सांगायची आणि दुसऱ्या कोणी ती लिहायची अशी सोय असते. काकांच्या यादीतून तिला लिहिणारी एक मुलगी मिळाली होती, पण त्या मुलीला सकाळीच ताप भरला. पेपर अकराला. पुष्पा अभनपूरहून बसने निघालेली होती.

"मी लिहीन की," मी म्हटलं.

"तुले चालत नाही. तू एम.ए. आहेस. लिहिणारा शिकणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला पाहिजे, असा नियम आहे. नाहीतर तो आपलीच उत्तरं लिहीन."

मग त्या सकाळी काका आमच्या कॉलोनीत दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारत होते: "तुमच्या घरी कोणी कमी शिकलेलं आहे का?" मी स्कूटर ढकलत मागे. लोक चमकून बघत. एका घरातल्या साहेबांनी तर दरवाजा अर्धा लावून घेतला. "आमच्याकडे सगळे ग्रॅज्युएट आहेत," असं आम्ही त्या तासाभरात इतक्या वेळा ऐकलं की काका वैतागून म्हणाले, "एवढं शिकून काय करून राहिले सारे?"

बोबड्यांच्या दारात मंगलावहिनींच्या सासूबाई आल्या. काकांनी विचारलं. सासूबाईंनी पदर सावरला आणि नेहमीच्या ठसक्यात सांगितलं, "आमची सून बी.ए. आहे."

मागे स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. मंगलावहिनी हात पुसत दारापर्यंत आल्या. भिशीत आम्ही बायका कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलायला लागलो की त्या उठून चहा ठेवायला जायच्या, ते मला तेव्हा आठवलं.

"मी बारावी आहे काका," त्या म्हणाल्या. "बी.ए. नाही केलं."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. काका म्हणाले, "बारावीचं सर्टिफिकेट आहे?"

"आहे."

"घेऊन या. हिंदी चांगलं लिहिता?"

"हिंदी मीडियमच होतं माझं."

पेटीच्या तळातून ते सर्टिफिकेट काढायला वहिनींना दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात काका अंगणात चालून चालून तुळशीभोवती प्रदक्षिणा घालत असल्यासारखे दिसत होते. सून निघाली तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. मी वहिनींना मागे बसवून केंद्रावर सोडलं. काका कसे आले ठाऊक नाही, पण आम्ही पोचलो तेव्हा ते फाटकाशी उभे होते आणि त्यांच्या दंडाला धरून पुष्पा उभी होती. केंद्राध्यक्षांनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले, आणि दोघींना आत सोडलं.

दोन वाजता वहिनी बाहेर आल्या तेव्हा उजव्या हाताची बोटं चोळत होत्या. डोळे लाल झाले होते. काकांनी विचारलं, "काय झालं?"

"एका प्रश्नाचं उत्तर ती चुकीचं सांगून राहिली होती काका. मले बरोबर येत होतं. शाळेत शिकलेलं आठवलं." त्यांनी बोटं पुन्हा चोळली. "पण जे तिनं सांगितलं तेच लिहिलं."

"बरं केलं," काका म्हणाले. "परवा दुसरा पेपर आहे. ड्युटी लागली."

पुष्पा त्या वर्षी पास झाली. आता ती धमतरीकडे एका शाळेत शिकवते. मंगलावहिनी त्यानंतर दरवर्षी कोणा ना कोणासाठी लिहायला बसतात. भिशीत आता त्या स्वतःच सांगतात, "मी बारावी आहे, म्हणून तर मला बोलावतात."

काकांना मात्र असं काही जमलं म्हणून समाधान वाटताना मी पाहिलं नाही. एक काम झालं की त्यांचा चेहरा आणखी ओढल्यासारखा व्हायचा, जणू तेवढ्या वेळात दुसरं कुठलं तरी निसटून गेलं. बोलता बोलता मधेच थांबायचे, "अरे, ते राहिलंच," म्हणायचे आणि जायचे. एकदा मी विचारलं, "काका, एक दिवस घरी बसलात तर काय होईल?" त्यांनी प्रश्नाचा खरोखरच विचार केला. मग म्हणाले, "मले भीती वाटते बेटा. बसलो की वाटते, कोणीतरी दारात उभं आहे अन् मले बेल ऐकू नाही येऊन राहिली."

या घाईत त्यांच्या हातून चुकाही व्हायच्या. दाणी सरांच्या बाबतीत झाली ती चूक मला अजून बोचते, कारण ती ओळ मीच टाईप केली होती.

दाणी सर रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. पत्नी गेल्यावर सर एकटे राहात, संध्याकाळी गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत. काकांनी ते येता-जाता पाहिलं होतं. एका गुरुवारी त्यांनी मला सांगितलं, "लिही. रोज संध्याकाळी एक तास, दाणी सरांशी गप्पा मारायला माणूस पाहिजे. सर एकटे असतात. बुद्धिबळ येत असन तर चांगलं."

"सरांना विचारलंय का?" मी म्हटलं.

"विचाराचं काय त्यात? चांगलीच गोष्ट आहे."

मी लिहिलं. यादी गेली. दुसऱ्या दिवशी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत ती पोचली, बिलासपूरच्या त्यांच्या मेहुण्यांपर्यंत पोचली. पुण्यात असलेल्या मुलाने फोन करून विचारलं, "बाबा, तुम्ही लोकांकडे माणूस मागताय का?"

पुढच्या गुरुवारी काका आमच्याकडे असतानाच सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. उन्हाळा होता तरी छत्री. ते दारातच उभे राहिले.

"लांजेवार, मी तुमच्याकडे अर्ज केला होता का?"

काका थांबले. तो माणूस खोलीच्या मध्ये थांबलेला मी पहिल्यांदा पाहिला. "नाही सर. मले वाटलं..."

"तुम्हाला वाटलं. तुमच्या वाटण्याने मी आज साऱ्या शहरात एकटा म्हातारा झालो. मी एकटा होतोच. पण ते माझ्या घरात होतं."

"सर, चूक झाली."

"चूक झाली म्हणून परत घेता येते का ती यादी?" सर माझ्याकडे वळले. "आणि बाई, तुम्ही भाषा शिकवता. तुमच्या तरी लक्षात यायला हवं होतं." मग छत्री टेकत ते निघून गेले.

काका दोन वेळा माफी मागायला सरांच्या दारात गेले. दार उघडलं नाही. त्यानंतर यादीचा नियम बदलला. ज्याला गरज आहे त्याचं नाव लिहायचं नाही, फक्त काम आणि वेळ. नाव ड्युटीवर येणाऱ्याला तोंडी सांगायचं, तेही ज्याचं नाव त्याने हो म्हटल्यावरच. सर रस्त्यात दिसले की काका गल्ली बदलायचे. कोणत्याही दारात न अडखळणारा माणूस एका घरासमोरून जाताना चाल वाढवायचा.

आता सिंधूकाकूंबद्दल.

काकू म्हणजे लांजेवार काकांच्या पत्नी. ठेंगण्या, शांत, आवाज खालचा पण पक्का. त्यांचं घर आमच्यापासून तिसरं. काका दिवसभर बाहेर, त्यामुळे घरात येणारे सगळे फोन काकू घ्यायच्या. "हे नाहीत. सांगा काय आहे ते, सांगते." लग्नपत्रिकांवर निम्मं अक्षर त्यांचंच असायचं.

गेल्या दोनेक वर्षांत ते अक्षर वाकडं व्हायला लागलं होतं. ओळी एकमेकींवर चढायच्या. मी एकदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या कपाच्या शेजारी चहा ओतत होत्या. स्वतःच हसल्या आणि फडकं शोधायला वळल्या, तर दाराच्या चौकटीला खांदा आपटला.

"काकू, डोळे दाखवले का?"

"ह्यांना तीनदा सांगितलं. बाजूचं काही दिसतच नाही, मधलं तेवढं दिसते. हे म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला असन, सोमवारी जाऊ. मग सोमवारी कुठंतरी शिबिर राहाते."

"मी नेते ना तुम्हाला."

"नाही," काकू म्हणाल्या. "तू चांगली आहेस, पण मले तू नाही पाहिजे."

त्यात हट्ट होता आणि मला तो समजत होता. त्या सोमवारी काका बीरगांवच्या कामगार वस्तीत डोळ्यांच्या शिबिराला होते. मोतीबिंदूचे पेशंट शहरातल्या दवाखान्यात आणण्यासाठी गाडीत चढवायला माणसं कमी पडली होती, म्हणून ते स्वतः दोन दिवस तिकडेच होते.

पुढच्या गुरुवारी दुपारी मला काकूंचा फोन आला. "स्मिता, आज यादीत एक ओळ माझी टाक. शेवटी टाक. लिहून घे." मी लिहून घेतली. "सोमवार, सकाळी दहा. एका बाईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला तिचा नवरा पाहिजे. दुसरं कोणी नको."

"काकू, हे काकांना..."

"त्यांना वाचून दाखवू नको."

संध्याकाळी काका आले, चालले, सांगितलं, चहा प्यायले. मी यादी मोठ्याने वाचून दाखवली. शेवटची ओळ मात्र मी वाचली नाही. काका म्हणाले, "झालं? पाठव." मी पाठवली. दाणी सरांच्या वेळी मी विचार न करता लिहिलं होतं, या वेळी पूर्ण विचार करून लिहिलं होतं, आणि दोन्हींत चांगलं काय हे मला आजही सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळपर्यंत सगळ्या कॉलोनीला समजलं. यादीत नाव नव्हतं, पण नवरा कोण हे कळायला कोणाला वेळ लागला नाही. काकांना मात्र कोणी सांगेना. लोक चहाच्या टपरीवर त्यांच्याकडे बघून पेपरात तोंड घालत होते. शेवटी सांगितलं ते दाणी सरांनी.

हे मला काकूंनी नंतर सांगितलं. साडेनऊच्या सुमाराला सर त्यांच्या फाटकाशी आले. काका अंगणात सायकलला हवा भरत होते, बीरगांवला जायच्या तयारीत. सरांना बघून ते उभे राहिले. सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. सावकाश, वर्गात वाचावी तशी. त्यात टोमणा नव्हता, असं काकू म्हणाल्या.

सर म्हणाले, "मला माहीत आहे कसं वाटतं ते. म्हणून मीच आलो. सोमवारी माझी गाडी आहे. मी हळू चालवतो, साडेनऊला निघू."

काकांनी सायकल भिंतीला लावली आणि पायरीवर बसले. काकू सांगत होत्या, "इतका वेळ बसले की मलेच भीती वाटली. मी म्हटलं, अवो, उठा आता. तर म्हणाले, सिंधू, तू मले घरात काहून नाही सांगितलं? मी म्हटलं, घरात तीनदा सांगितलं. तुम्ही यादीतलं ऐकता, म्हणून यादीत सांगितलं."

सोमवारी तिघे गेले. त्या दवाखान्यात काकांना सगळे ओळखत. पेशंट घेऊन ते महिन्यातून दोनदा तरी यायचे. काउंटरवरची सिस्टर हसून म्हणाली, "काका, आज कितने मरीज लाए?"

"एकच," काका म्हणाले.

काकूंना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याची नजर बहुतेक गेली होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची. उजव्या डोळ्यासाठी दिवसातून चार वेळा थेंब, ठरलेल्या वेळी, न चुकता, जन्मभर. वर्षभर आधी आला असता तर, असं डॉक्टर बोलायला लागले आणि काकांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. परतताना गाडीत सर फक्त प्रत्येक खड्ड्याच्या आधी म्हणत होते, "सांभाळा."

तीन गुरुवार बेल वाजली नाही. लोक मला विचारत, लिस्ट का नाही आली. मी काहीबाही सांगे. मला काकांच्या घरी जायचं धैर्य होत नव्हतं. रस्त्यात एकदा काका समोरून आले, थांबले, म्हणाले, "तू वाचून नाही दाखवलं." मी म्हटलं, "काकूंनी नको म्हटलं होतं." ते "हव" म्हणाले आणि गेले. रागावले होते की नाही ते कळलं नाही. त्यांना रागवायलाही थांबावं लागलं असतं.

चौथ्या गुरुवारी बेल वाजली, एकदाच. दारात दोघं होते. काकूंनी काकांच्या दंडाला धरलं होतं. काकूंनी चाचपून खुर्ची शोधली, बसल्या, आणि म्हणाल्या, "लिही."

त्या दिवसापासून यादी काकू सांगायच्या. त्यांना पत्रिका लागत नसत. सगळं डोक्यात. आणि काकांपेक्षा त्या कितीतरी कडक निघाल्या. "हे जाऊ दे. तिथं फोटो काढायलाच बोलावतात." "तिथं बायांसाठी वेगळी जागा आहे का विचारलं? नाही? मग विचारून घ्या, मग टाकू." काका फ्रीजपाशी उभे राहून ऐकायचे. मधेच म्हणायचे, "सिंधू, ते तलावाचं..." त्यावर काकू, "आहे ध्यानात."

काकांचं फिरणं थांबलं नाही, पण त्याला आता खुंट्या बसल्या. सकाळी सात, अकरा, दुपारी चार, रात्री आठ. थेंब तेच घालायचे. काकूंना जमलं असतं, मंगलावहिनीही म्हणाल्या होत्या की मी घालत जाईन, पण काकांनी ऐकलं नाही. बीरगांव सुटलं, कारण तिथून अकराच्या आत परत येणं जमत नव्हतं. कुठेही काम करत असले तरी मनगट वळवून घड्याळ बघायचे. अर्ध्या वाक्यात, अर्ध्या कामात निघायचे. लोकांना ते विचित्र वाटे. मला त्यांच्याकडे बघून धाप लागे. पूर्वी ते सगळ्या शहराकडे धावायचे, आता शहर आणि घर यांच्या मध्ये धावत होते, आणि दोन्हीकडे पोचताना त्यांच्या चेहऱ्यावर उशीर झाल्याचा भाव असायचा. एकदा मी म्हटलं, "काका, दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर चालतं, डॉक्टरांनीच सांगितलंय." ते म्हणाले, "मी वर्षभर इकडेतिकडे केलं बेटा. आता नाही करत."

मागच्या हिवाळ्यात काका गेले. सकाळी सातचे थेंब घातले, बाटलीचं झाकण लावलं, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दाणी सरांनीच गाडी काढली होती. त्या दिवशी अकराला मंगलावहिनी काकूंकडे गेल्या, कोणी न सांगता. यादी चालू आहे. काकू गुरुवारी सरांच्या गाडीतून येतात, तिसऱ्या घरून येतात तरी गाडीतून, कारण सर ऐकत नाहीत.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आठवडाभर आधी, रविवारी. छठपूजा होऊन गेली होती, आणि तलावाच्या घाटावर उरलेले केळीचे खांब, उसाचे तुकडे, फुलं काढायला आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले होते आणि एक भिजलेला बांबू ओढत होते. पलीकडून कोणीतरी दुसरं टोक धरलं होतं. मधेच काकांनी मनगट वळवलं, बांबू पाण्यातच सोडून दिला, चपला हातात घेतल्या आणि घाट चढून निघाले. दुसरं टोक धरलेला माणूस तसाच उभा.

मी स्कूटर काढून त्यांच्या मागे गेले. "काका, बसा. सोडते घरी."

"नको. तू चौकात सिग्नलले अडकशील." ते थांबले नाहीत. दोन घरांच्या मधल्या बोळात, जिथून माणूस तिरका होऊनच जाऊ शकतो, तिथे ते तिरके होऊन शिरले. भिंतीला पाण्याचा ओला पट्टा उमटला.

मी चौकात खरोखरच अडकले. वळून आमच्या गल्लीत आले तेव्हा काका अंगणातल्या नळाखाली हात धरून उभे होते, कोपरापर्यंत चिखल, श्वास लागलेला. आतून काकूंचा आवाज आला, "साबण लावा आधी. चांगला लावा. मी कुठं जाऊन नाही राहिली."

काकांनी नळ बंद केला, साबण घेतला, आणि परत नळ उघडला.